गवळणीला ओटीपी : बारा मिनिटांच्या हशाच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, डोंबिवली पूर्व

सांस्कृतिक समितीच्या बैठकीत ठरलं की यंदा गणपतीत रेकॉर्ड डान्स कमी करायचे आणि बारा मिनिटांचं 'काहीतरी विनोदी' बसवायचं. इतिवृत्तात एवढंच लिहिलंय, 'काहीतरी विनोदी'. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण वर्गणीच्या पावत्या दरवर्षी मी लिहिते आणि समितीच्या मते लिहिणं ते लिहिणं.

अटी अशा : राजकारण नको, कुणाची जात-जाडी-काळेपणा नको, समोर आजीपासून नातवापर्यंत सगळे असतील, आणि रात्री दहाच्या आत माईक बंद. हौशी मंडळींत नाना (दुसरा मजला, रेल्वेतून निवृत्त, तरुणपणी कामगारांच्या नाट्यस्पर्धांत सोंगाड्याची कामं केलेले) आणि माझी भाची, जी कॉलेज सांभाळून ओपन माइकला (हौशी विनोदवीरांच्या खुल्या कार्यक्रमाला) जाते. पोटासाठी मी जीएसटीची विवरणपत्रं भरते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची वही घालायची सवय आहे. ही विनोदाची वही.

२२ जून

लिहिण्याआधी आठवडाभर फक्त ऐकलं. सकाळच्या फास्ट लोकलचा लेडीज डबा, ऑफिसमधली डब्याची वेळ, संध्याकाळी बिल्डिंगखालचा कट्टा. कुणी हसलं की त्याच्या लगेच आधी काय बोललं गेलं, ते टिपायचं. यादीतले काही नमुने :

"अगं, सरक ना जरा."
"आली का ही!"
"भाजी आणलीय, पण कुठली ते सांगणार नाही."
"मग काय, बसायलाच आलोय."

एकाही वाक्यात विनोद नाही. कागदावर वाचलं तर माशीही हलणार नाही, आणि डबा मात्र खदखदत होता.

ही पद्धत माझी नव्हे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना मॉलमध्ये, रस्त्यावर उभं करून हसण्याचे १,२०० प्रसंग असेच टिपून घेतले होते. हशाआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्यांना कशीबशी विनोदी म्हणता येईल, असं त्याला आढळलं. बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा ४६ टक्के जास्त हसतो. आणि एकटं असताना जेवढं हसू येतं, त्याच्या ३० पट चारचौघांत येतं. आमच्या लेडीज डब्यात त्याला फार हिंडावंही लागलं नसतं.

यातून कामाचं एवढं निघालं : पहिल्या मिनिटात विनोद करायचाच नाही. आधी माणसं ओळखीची वाटली पाहिजेत. समोरचे दोनशे लोक एकमेकांच्या सोबत बसलेत, असं त्यांना वाटू द्यायचं. मग पुढचं.

२८ जून

नानांकडे चहा. त्यांना नुसतं विचारलं, "लोक हसतात कशाला?" ते म्हणाले, "आधी साचा घे. लोक काय, घरी येऊनही हसतील."

साचा तमाशाचा. गण, गवळण, बतावणी, वग. गणात गणपतीला वंदन, म्हणजे आमचं निम्मं काम मूर्तीनंच केलं. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, आणि गौळणींच्या पुढे असते मावशी, जी नेहमी पुरुष करतो. बतावणी म्हणजे दोघांची सवाल-जवाबी, हजरजबाबी वटवट. वग म्हणजे त्यानंतरचं कथानाट्य, त्याला आम्हाला वेळ नाही.

पण नानांनी खरी किल्ली दुसरीच दिली. विनोद करणाऱ्यापेक्षा त्याच्या समोरच्याला जपायचं. सोंगाड्या काहीतरी बोलतो, समोरचा भाबडेपणानं तेच परत विचारतो : "काय म्हणालास? गाढव आणलं?" आपल्याला वाटतं वेळ काढतोय. तसं नसतं. मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल तर त्या पुन्हा विचारण्यात ऐकू जातं, ज्यांना गेलंय ते पुढच्या उत्तराची वाट बघू लागतात, आणि सोंगाड्याला श्वास मिळतो. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हाची ही युक्ती आहे, आणि आमचा माईक बघता यंदाही लागेल.

भाचीनं तिथल्या तिथे सुचवलं : "वाट अडवणारा आता कृष्ण नाही, आत्या. गेटवरचा वॉचमन."

नाना मिनिटभर गप्प. मग म्हणाले, "आणि कृष्णालाही अडवायचं."

विषय मिळाला.

५ जुलै

पुस्तकी आठवडा. थोडक्यात लिहिते, कारण फार उपयोग झाला नाही. तत्त्वज्ञ हॉब्जच्या मते आपण दुसऱ्यापेक्षा वरचढ आहोत असं एकदम जाणवलं की हसू येतं. कांट म्हणतो, ताणलेली अपेक्षा फुस्स झाली की येतं. बर्गसाँनं १९०० साली लिहिलं की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की येतं. तिघेही बरोबर असावेत. पण ही सगळी निदानं आहेत. पेशंट समोर हसून झाल्यावर सांगायची. रिकाम्या कागदासमोर हॉब्ज काही सुचवत नाही. बर्गसाँ थोडा सुचवतो : गेटवरचा वॉचमन साक्षात देवालाही तेच चार प्रश्न त्याच क्रमानं विचारणार, यात यंत्र आलंच.

उपयोगी पडला तो भरतमुनी. नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिलेत, आणि तेही असे की डोळ्यांनी ओळखता यावेत. स्मित : गाल किंचित फुललेले, दात दिसत नाहीत. हसित : चेहरा उमललेला, दात थोडे दिसतात. विहसित : डोळे-गाल आक्रसलेले, गोड आवाज. उपहसित : नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे-मान झुकलेली. अपहसित : नको तिथे आलेलं, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदा. अतिहसित : मोठ्यानं, डोळ्यांत पाणी आणि हात कुशीवर. पहिले दोन उत्तम लोकांचे, मधले मध्यमांचे, शेवटचे अधमांचे, असंही त्यानं वाटून टाकलंय.

वहीत सहा रकाने आखले. प्रत्येक ओळीसमोर कुणाला किती, याची खूण. आमचं लक्ष्य साहजिकच अधम.

६ जुलै

आषाढी. उपवास, म्हणजे दुप्पट खाणं. लेखन शून्य.

१३ जुलै

आज दिवसभर एकाच विनोदावर बसले. सविस्तर लिहिते, कारण हाताला लागलेलं काही असेल तर ते इथे आहे.

बतावणीत लिफ्टचा विषय. पहिला खर्डा :

'परवा मी लिफ्टमध्ये अडकलो, तेव्हा आत लावलेल्या नंबरावर फोन केला, तर ज्याला तो लागला तो मेकॅनिक माझ्या शेजारीच अडकलेला होता आणि मी पाच मिनिटांत पोचतो असं तो मला म्हणाला.'

कल्पना ठीक. घरात वाचून दाखवली, एकही दात दिसला नाही. कारण मराठी वाक्याची शेपटी. हसू जिथे फुटायला हवं ती गोष्ट आधी येऊन जाते आणि मागून 'असं तो मला म्हणाला' सावकाश चालत येतं. ऐकणारा सभ्य असेल तर क्रियापदापर्यंत थांबतो, आणि तोवर हसण्याची वेळ गेलेली असते.

भाचीनं 'म्हणाला' काढून टाकलं. नानांनी त्याच्या जागी जुनं हत्यार दिलं : 'म्हणतो कसा'. हे आधी येतं, आणि त्याच्यानंतर जे येईल ते चटपटीत असणार, हे मराठी कानाला पाठ आहे. तसंच 'आत कोण? तर –'. यातला 'तर' म्हणजे वाक्य मुद्दाम अडवून धरलेलं फाटक. ही दोन्ही बोली भाषेत आयती पडलेली आहेत. आपण लिहायला बसलो की मात्र शाळेतला निबंध आठवतो आणि ती हातून निसटतात.

शेवटचा खर्डा :

– लिफ्ट बंद पडली. आत आम्ही दोघं.
– दोघं?
– मी आणि एक अनोळखी. भिंतीवर पाटी : अडकल्यास फोन करा. केला.
– मग?
– रिंग वाजली. कुठे? तर शेजारच्याच्या खिशात!
– म्हणजे मेकॅनिक आतच?
– आतच! माझ्याकडे बघत फोन उचलला आणि म्हणतो कसा, "निघालोय साहेब, पाच मिनिटं!"

शेवटचा शब्द 'मिनिटं'. पुढे काहीही नाही. मेकॅनिक आत सापडणं हा धक्का आहे, पण हसू त्यावर फुटत नाही. फुटतं ते 'पाच मिनिटं'वर, कारण प्लंबर, केबलवाला, टँकरवाला, सगळ्यांकडून ते वाक्य प्रत्येकानं ऐकलंय. नवं काही सांगितलं की लोक ऐकतात. माहीत असलेलंच नको त्या जागी भेटलं की हसतात.

क्रियापद नेहमीच आडवं येतं असंही नाही. गवळणीतला हा तुकडा :

वॉचमन : कुणाकडे जायचंय?
कृष्ण : मी सर्वांच्या हृदयात राहतो.
वॉचमन : ओनर की टेनंट?
मावशी : अरे मेल्या, जगाचा मालक आहे तो!
वॉचमन : मग मेंटेनन्स थकलाय.

इथे 'थकलाय' हीच बातमी आहे, त्यामुळे ते शेवटी बसलेलंच बरं. आधी लिहिलं होतं, 'मग त्यांचा बऱ्याच महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला आहे, तो आधी भरायला सांगा.' तीन शब्दांत जे झालं ते अकरा शब्दांत होत नव्हतं. आणि 'टेनंट की ओनर' असं उलटं करून बघितलं, तर पडतं. देवाला भाडेकरू म्हणायचं असेल तर ते शेवटीच म्हणायला हवं.

'घरमालक की भाडेकरू' असं शुद्ध मराठी करा, अशी एक सूचना आली. गेटवर तसं कुणी विचारत नाही. नाकारली.

२० जुलै

नाना म्हणाले, सकाळी मैदानावर हास्यक्लब भरतो, तिथे चाचणी घेऊ. गेलो. वॉचमनचा प्रवेश केला, मंडळी हात वर करून जोरात हसली. मग लिफ्ट केली, तरीही हसली. मग नानांनी चष्मा पुसला, त्यालाही हसली. चाचणी बाद.

पण क्लबची गोष्ट या वहीत हवीच. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब काढला, तेव्हा तिथे रोज विनोद सांगत. काही दिवसांतच चांगल्या विनोदांचा साठा संपला, उरलेले चावट किंवा बोचरे निघाले, लोक कुरकुरू लागले. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसणं ठेवलं. आधी ओढूनताणून, मग एकमेकांकडे बघून खरं. लेडीज डब्यात वेगळं काय चालतं?

लेखिका म्हणून ही गोष्ट वाचून थोडं वाईट वाटलं. माझ्याशिवायही चालतं तर.

२६ जुलै

वीस वर्षं झाली. २००५ च्या या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. नाना ती रात्र डब्यात काढून दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत निघाले होते. तो किस्सा ते इतका रंगवून सांगतात की कट्ट्यावर लोक पोट धरतात : कुणाच्या डब्यातली एकच पोळी किती जणांत वाटली, आणि वाटणारा शेवटी स्वतःलाच विसरला. बतावणीत घेऊया, असं भाचीचं म्हणणं.

घेतला नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकू हा विषय निघाला की उठून जातात, हे आम्ही सगळे जाणतो आणि कारणही जाणतो. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोघा संशोधकांनी २०१० साली मांडलं की काहीतरी बिघडलंय आणि तरीही धोका नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी वाटल्या तर माणूस हसतो. बिघडलंय हे तर सगळ्यांना दिसतं, पण धोका नाही हे कुणी ठरवायचं? नानांना वीस वर्षांनी तो डबा सुरक्षित झालाय. काकूंना नाही. कट्ट्यावर सांगताना आजूबाजूला बघता येतं. स्टेजवरून दोनशे चेहऱ्यांतला एक दिसत नाही.

३ ऑगस्ट

पहिली तालीम, क्लबहाउसमध्ये. नाना मावशी, भाची वॉचमन, बी विंगचा कॉलेजवाला कृष्ण. नानांनी नऊवारी नेसून पदर डोक्यावरून घेतला आणि नुसते चालत आले. एकही शब्द न बोलता अपहसित. भरतानं विकृत वेष हे हास्याचं कारण म्हणून नोंदवलंय. दोन हजार वर्षं झाली, पण नेसवायला अजून दोन माणसं लागतात.

बायकोवरच्या विनोदांवरून वाजलं. नानांच्या पोतडीत ते भरपूर आहेत, कृष्णाच्या मोबाईलवर त्याहून जास्त. मी नाही म्हटलं. तत्त्वाचा भाग वेगळा. कारागिरीच्या बाजूनंही तो माल शिळा आहे : 'बायको' शब्द ऐकताच पुढचं कळतं, आणि लोक हसले तरी सवयीनं हसतात. नाना म्हणाले, "मग मारायचं कुणाला? मार खाणारं कुणीतरी लागतंच." हे त्यांचं खरं आहे. मार खाण्यासाठी गेटवरचं ॲप निवडलं, जे ओटीपीशिवाय कुणाला आत सोडत नाही. वॉचमन नव्हे, हे मुद्दाम. आपल्या वॉचमनला बारा तास उभं करून वर त्याच्यावरच हसायचं, हे भाचीलाही पटेना. त्यामुळे तिचा वॉचमन बावळट नाही. तो काटेकोर आहे, आणि प्रत्येक सवालाला मावशीची जिरवतो :

मावशी : रोज सकाळी माझंच दूध तुझ्या चहात पडतं की रे!
वॉचमन : दुधाला ओळखतो मावशी. तुम्हाला ओटीपी लागेल.

तालमीतली दुसरी गोष्ट थांबण्याची. हशा शिगेला असताना पुढचं वाक्य टाकलं तर बुडतं. पार शांत होऊ दिलं तर गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये घालावी लागते. उतरणीला लागला की बोलायचं. भाचीला हे येतं, कृष्णाला येत नाही, नानांना इतकं येतं की ते मधल्या वेळात पदर नीट करतात आणि त्यावर वेगळा हशा काढतात.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर सेक्रेटरींनी संहिता मागितली. नाटकवाल्यांना संहिता तपासायला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ असतं, आम्हाला सेक्रेटरी. त्यांनी लाल पेनानं दोन जागा खुणावल्या. कृष्णाला मेंटेनन्स मागणं लोकांना खटकेल का? नानांनी सांगितलं की गवळणीत मावशीनं कृष्णाची खोड काढायची ही रीतच आहे, तो देव तिथे घरचा म्हणूनच येतो. पटलं. दुसरी खूण त्यांच्या स्वतःवरच्या वाक्यावर : 'सेक्रेटरींना फोन लावला, ते मीटिंगमध्ये होते. कुठल्या? तर लिफ्ट दुरुस्तीच्या, गेल्या वर्षीच्या.' ते काढा म्हणाले. काढलं.

संध्याकाळी खजिनदार भेटले. त्यांच्यावर एकही ओळ नाही, असं त्यांना कळलं होतं. चेहरा उतरलेला. त्यांच्यासाठी एक घातली. रात्री साडेनऊला सेक्रेटरींचा फोन : "ते माझं वाक्य... ठेवलंत तरी चालेल."

२४ ऑगस्ट

कापाकापी. अठरा मिनिटांचे बारा करायचे होते. नियम एकच ठेवला : वहीत ज्या ओळीसमोर स्मिताच्या वर खूण नाही, ती गेली. माझ्या आवडीच्या बऱ्याच ओळी त्यात होत्या. टँकरवरचं एक कडवं यमकासह जमलं होतं, पण ते ऐकून लोक 'वा' म्हणत होते. 'वा' आलं की समजायचं, हसू आलं नाही.

'पाच मिनिटं' मात्र तीन जागी पेरलं. गवळणीत दूधवाला म्हणतो, बतावणीत मेकॅनिक म्हणतो, आणि अगदी शेवटी, कृष्णाला अजून ओटीपी आलेला नसताना, मावशी आभाळाकडे बघून विचारते, "देवा, कधी येणार रे?" उत्तर लिहिलेलं नाही. कृष्णानं फक्त पंजा दाखवायचा.

३० ऑगस्ट

प्रयोग झाला. नऊ चाळीसला संपला. पावसामुळे मांडव गळत होता म्हणून खुर्च्या आत सरकवून गच्च बसवल्या होत्या.

ओळीनुसार निकाल : नानांची एंट्री – अतिहसित, अपेक्षेप्रमाणे. 'ओनर की टेनंट' – विहसित, पण टाळ्यांसह. भाडेकरूंच्या रांगेतून शिट्टी आली. 'मेंटेनन्स थकलाय' – हे सगळ्यांत वर गेलं, समितीची मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसत होती. लिफ्ट – 'शेजारच्याच्या खिशात'वर कल्पनेपेक्षा मोठा हशा, त्यामुळे 'पाच मिनिटं' त्याच्या उतारावर अलगद बसलं. खजिनदारांची ओळ – खजिनदार हसले. आणि शेवटी कृष्णानं पंजा वर केला तेव्हा लहान मुलांसकट सगळा मांडव एका सुरात ओरडला, "पाच मिनिटं!"

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. घरची कामं आटोपून रात्री रेकॉर्डिंग बघितलं, कॅमेरा प्रेक्षकांकडे लावून घेतलेला.

लहान मुलं विनोदावर हसत नाहीत. आई-बाबांकडे बघतात आणि मग हसतात. उजवीकडच्या खांबामागे सहा-सात खुर्च्या विरळ पडल्या होत्या, तिथल्या माणसांनी तिथे बसून असेपर्यंत स्मिताच्या पुढे मजल मारली नाही. त्यातले दोघं नंतर मध्ये येऊन बसले आणि बतावणीत कुशीवर हात ठेवून हसताना दिसतात. माणसं तीच, संहिता तीच.

पुढच्या वर्षीसाठी : खांबामागे खुर्च्या मांडायच्या नाहीत. पंचवीस कमी मांडायच्या, उशिरा येणाऱ्यांना उभं राहू द्यावं. माईक दोन. नऊवारी नेसवायला बाई आधी सांगून ठेवणे. सेक्रेटरींना संहिता दाखवण्यापूर्वी खजिनदारांना दाखवणे.